चल्लस आठ मोबाइलवर आणताना: पट, सोंगट्या आणि मेनू कसे आखावेत

डिजिटल पटखेळाचं पहिलंच डिझाइन करायला बसला असाल, तर माझा आग्रह चल्लस आठचा आहे. पाच बाय पाच घरांचा पट, दोन ते चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि चार कवड्या, एवढाच पसारा. सारीपाटाची ९६ घरं मोबाइलच्या स्क्रीनवर बसवताना सराईत डिझायनरच्याही नाकी नऊ येतात. इथे २५ घरांत काम भागतं, आणि तरीही पटखेळाच्या डिझाइनमधले बहुतेक सगळे खरे प्रश्न त्यात येतात.

फरशीवर खडूने पट आखून खेळताना शेजारी एखादी आजी, मावशी नाहीतर मोठी ताई बसलेली असते. ‘अगं, तुझं दान आहे’, ‘ती नको हलवूस, मारतील’, ‘आधी एक मार, मगच आत जाता येतं’ असं तिचं चाललेलं असतं. स्क्रीनवर ती नसते, म्हणून तिचं काम चित्रांना आणि मेनूला करावं लागतं. खेळाच्या कुठल्याही क्षणी स्क्रीनकडे पाहिलं की तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: पाळी कुणाची, दान किती पडलं, आणि आता कुठली सोंगटी कुठे जाऊ शकते. पुढची प्रत्येक पायरी या तीन प्रश्नांसाठी आहे. रंगरंगोटी त्यानंतर.

आधी कागदावर नियम पक्के करा

या खेळाचे नियम घरोघरी थोडे बदलतात, म्हणून आपण कुठले धरतोय ते लिहून काढा. सर्रास चालणारी पद्धत अशी: पटाच्या चारही बाजूंच्या मधलं घर हे एकेका खेळाडूचं मूळ घर. या चार घरांवर आणि पटाच्या अगदी मध्यावरच्या घरावर फुली असते, आणि फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. सोंगटी मूळ घरातून निघून बाहेरच्या १६ घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. मग आतल्या ८ घरांत शिरून घड्याळाच्या दिशेने फिरते आणि शेवटी मध्यावर पोचते. चार कवड्यांपैकी जितक्या उताण्या पडतील तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं.

आता एक हिशेब करून पाहा. १६ अधिक ८ अधिक १ म्हणजे २५. एका खेळाडूची सोंगटी पटावरच्या प्रत्येक घरातून बरोबर एकदाच जाते. ही गोष्ट डिझायनरच्या फार कामाची आहे, तिचा उपयोग पुढे सोंगट्यांपाशी येईल.

करड्या रंगात आराखडा

फिग्मा, इंकस्केप किंवा चित्र आखायचं जे सॉफ्टवेअर हाताशी असेल ते उघडा आणि फक्त करड्या छटा वापरून पहिला आराखडा काढा. फिग्माची फुकट आवृत्ती पुरेशी आहे; इंकस्केप तर पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. सुरुवातीला रंग वापरायचा नाही, कारण रंग आला की मांडणीतल्या चुका झाकल्या जातात.

अँड्रॉइडवर माप डीपी या एककात धरतात; स्क्रीनवर पिक्सेल कितीही दाट असले तरी ते जवळपास सारखंच दिसतं. बरेच फोन उभे धरल्यावर ३६० डीपी रुंद असतात, म्हणून तीच रुंदी घ्या. दोन्ही कडांना १२ डीपी सोडले की पटाला ३३६ उरतात आणि एक घर साधारण ६७ डीपीचं होतं. बोटाने दाबायच्या जागेसाठी गूगलची शिफारस किमान ४८ डीपीची आहे, अ‍ॅपलची ४४ पॉइंटची. म्हणजे आपलं घर दोन्हींत आरामात बसतं. पट स्क्रीनच्या मध्यावर ठेवा, कवड्या पटाखाली अंगठा सहज पोचेल अशा जागी, आणि खेळाडूंची नावं वर. थांबण्याचं बटण वरच्या कोपऱ्यात टाका, कारण खेळताना त्यावर चुकून बोट पडता कामा नये.

पट

पटाचं चित्र तुमच्या खेळाची ओळख ठरवतं. मला स्वतःला गेरूच्या जमिनीवर खडूची पांढरी रेघ फार आवडते. तो आपल्या अंगणातला, ओसरीवरचा रंग आहे, आणि व्यवहारातही चोख आहे. गडद गेरू आणि पांढरा यांतल्या उजळपणाचं गुणोत्तर ७ ला १ च्या वर जातं. वेबवरच्या सुगमतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि चित्रातल्या महत्त्वाच्या भागांसाठी ३ ला १ मागितलेलं आहे. कुठल्याही दोन रंगांचं हे गुणोत्तर मोजून देणारी मोफत साधनं नेटवर मिळतात. रंग ठरवताना ती शेजारी उघडी ठेवा.

लाकडाचा पोत, दगडाची फरशी असलं काही घालायचं असेल तर पटाच्या बाहेर घाला. घराच्या आत पोत आला की सोंगटी त्यात मिसळते. खडूच्या रेघेला किंचित खरबरीतपणा द्यायला हरकत नाही, पण तिची जाडी सगळीकडे सारखी असू दे.

फुली घराच्या पार कोपऱ्यांपर्यंत ओढा. ती मधेच आटोपशीर काढली, तर दोन सोंगट्या येऊन बसताच झाकली जाते आणि हे घर सुरक्षित आहे हेच दिसेनासं होतं. शिवाय त्या घराची जमीन इतरांपेक्षा एका छटेने उजळ ठेवा.

दिशा दाखवणं हा नव्या खेळाडूसाठी सगळ्यात अवघड भाग असतो. बाहेर एकीकडे आणि आत उलटीकडे जायचं, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. पटावर कायमचे बाण काढू नका. चार खेळाडूंच्या आत शिरण्याच्या जागा वेगवेगळ्या असल्यामुळे पटाची जत्रा होते. त्याऐवजी ज्याची पाळी असेल त्याचाच मार्ग, तोही सोंगटीवर बोट ठेवल्यावर, बारीक ठिपक्यांनी दाखवा. खालच्या बाजूचा खेळाडू आपल्या मूळ घराच्या लगतच्या डाव्या घरापर्यंत येतो आणि तिथून वर, आतल्या फेरीत वळतो. ते वळण ठिपक्यांत स्पष्ट दिसलं की नियम वाचायची गरज उरत नाही.

सोंगट्या

फुलीच्या घरात चारही खेळाडूंच्या सोंगट्या एकत्र बसू शकतात, मध्यावर तर सगळ्या १६. ६७ डीपीच्या घरात १६ सोंगट्या मावणार कशा, या प्रश्नापाशी बरेच जण अडकतात आणि सोंगट्या इतक्या लहान करतात की बोटाखाली सापडत नाहीत.

मघाचा हिशेब इथे उपयोगी पडतो. प्रत्येक घरातून एका खेळाडूची सोंगटी एकदाच जात असल्यामुळे, एकाच घरात बसलेल्या त्याच्या दोन सोंगट्या अगदी सारख्याच टप्प्यावर असतात. त्यातली कुठली हलवली याने काहीही फरक पडत नाही. म्हणून दोन सोंगट्या वेगवेगळ्या काढायची गरजच नाही. एक सोंगटी काढा आणि तिच्या कोपऱ्यात छोट्या गोलात आकडा द्या. मग साध्या घरात नेहमी एकच चित्र असेल, आणि फुलीच्या घरात जास्तीत जास्त चार. चार चित्रं दोन बाय दोन मांडली तर प्रत्येकाला सुमारे ३० डीपी मिळतात. बघायला तेवढं पुरतं. दाबण्यासाठी मात्र पूर्ण घर धरा. आपल्या रंगाचं त्या घरात एकच चित्र असल्याने घरावर कुठेही बोट पडलं तरी गोंधळ होत नाही.

आता रूप. चार रंगांच्या चार सारख्या गोट्या काढणं सोपं, पण लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांना तो खेळ खेळताच येत नाही. अशी माणसं आपल्या आसपास बरीच असतात, पुरुषांत जास्त. म्हणून रंगाबरोबर आकारही बदला. हे करायला बाहेर शोधाशोध नको, कारण घरी आपण सोंगट्या म्हणून हाताला लागेल ते वापरतच आलो आहोत. एकाचा चिंचोका, दुसऱ्याचा बांगडीचा तुकडा, तिसऱ्याची शर्टाची गुंडी, चौथ्याचा खडूचा तुकडा. चौघांची बाह्यरेषा इतकी वेगळी आहे की पूर्ण काळ्या सावलीतही ओळखू येते. तशी सावली करून एकदा तपासाच.

बांगडीच्या तुकड्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. ती नुसती बारीक कमान असते, त्यामुळे लहान आकारात हरवते आणि आकड्याला जागा देत नाही. तिच्याखाली त्याच रंगाची, थोडी फिकी चकती ठेवा. मग बाकी तिघांनाही तशीच चकती द्या, म्हणजे चारही सोंगट्या एकाच वजनाच्या वाटतील.

रंग निवडताना जमीन विसरू नका. गेरूवर लाल सोंगटी बुडते. पिवळा, आकाशी, पोपटी आणि जवळपास काळा असे चार घेतले, आणि प्रत्येकाला बारीक पांढरी कड दिली, तर सगळे उठून दिसतात. मग पूर्ण चित्र एकदा करड्यात बदलून पाहा. दोन सोंगट्या सारख्याच करड्या झाल्या तर त्यातली एक उजळ करा.

कवड्या

चल्लस आठचा जीव कवड्यांत आहे, तेव्हा इथे वेळ घालवा. शक्य असेल तर चार खऱ्या कवड्या आणा, खिडकीजवळ ठेवून बघा. पालथी कवडी म्हणजे गुळगुळीत घुमट, वर प्रकाशाचा एक चकाकता ठिपका. उताणी कवडी सपाटसर, मधोमध लांब फट आणि फटीच्या दोन्ही कडांना दातांसारख्या बारीक रेघा. फोनवर कवडी जेमतेम ४५–५० डीपीची दिसणार, तेव्हा सगळे दात काढत बसू नका. प्रत्येक कडेला पाच-सहा पुरेत. फट मात्र नक्की गडद काढा, आणि पालथ्या कवडीवर चकाकी नक्की द्या. एकीवर काळी रेघ, दुसरीवर पांढरा ठिपका, एवढ्यावर दान लांबूनही मोजता येतं.

दोन स्थिर चित्रं आणि मधली उलटतानाची तीन-चार, इतक्यात काम होतं. टाकल्यावर चारही कवड्या वेगवेगळ्या कोनांत थांबू द्या. ओळीत शिस्तीने थांबल्या तर फेकल्यासारख्या वाटत नाहीत. एकमेकींवर मात्र येऊ देऊ नका. कवड्या स्थिरावल्या की शेजारी मोठा आकडा दाखवा. विशेषतः आठ, कारण एकही कवडी उताणी नसताना आठ कसे, हे नवख्याला उमगत नाही.

प्रोग्राममध्ये कवडी दोन्ही बाजूंनी सारख्या शक्यतेने पडते असं धरलं, तर दर १६ दानांत सरासरी ६ वेळा दोन पडतात, एक आणि तीन प्रत्येकी ४ वेळा, आणि चार व आठ एकेकदाच. म्हणून नेहमीचं दान पाऊण सेकंदात आटपा. चार-आठ पडले की थोडं थांबा, फोन किंचित थरथरू दे, आणि ‘पुन्हा टाका’ हे शब्द कवड्यांपाशीच उमटू देत. फरशीवर चार पडल्यावर जो गलका होतो त्याची जागा ही.

चाल

दान पडलं की ज्या सोंगट्या हलू शकतात त्यांचीच घरं उजळा. सोंगटी घरोघर थांबत पुढे जाऊ दे, सरळ उडी नको. प्रत्येक घराला ०.१५ ते ०.२ सेकंद ठीक वाटतात. आठाच्या चालीलाही मग दीड सेकंदाच्या आसपासच लागतो. सोंगटी मारली गेली की ती आपल्या मूळ घरी परत जाताना दिसली पाहिजे. ती नुसती गायब झाली तर मुलांना वाटतं खेळ बिघडला. एकच चाल शक्य असली तरी ती आपोआप खेळू नका. हलवण्यात गंमत आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये ‘जलद खेळ’ असू दे.

मेनू

पानं मोजकी ठेवा: मुख्य पान, खेळाडूंची निवड, घरचे नियम, पट, थांबलेला खेळ, निकाल. मुख्य पानावर चारपेक्षा जास्त बटणं नकोत. अर्धवट सोडलेला डाव असेल तर ‘राहिलेला डाव’ हे बटण सगळ्यात वर यावं. अ‍ॅप उघडल्यापासून पहिलं दान टाकेपर्यंत दोन-तीनदाच बोट लागावं.

‘घरचे नियम’ हे पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचे नियम माझ्या घरचे नसतील, आणि आपल्या घरची पद्धत सापडली नाही तर माणूस अ‍ॅप काढून टाकतो. इथे चालू-बंद करायचे खटके वापरू नका. ‘आत जायला आधी मारावं लागतं’ यापुढचा खटका बंद केला तर नक्की काय होतं, ते वाचणाऱ्याने ताडायचं का? त्याऐवजी शेजारी-शेजारी दोन कार्डं ठेवा: ‘एक सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही’ आणि ‘थेट आत जाता येतं’. प्रत्येकावर पटाचं छोटं चित्र. मग खेळताना कुणी मारल्याशिवाय आत शिरायला गेलं, तर त्याच घरापाशी ‘आधी एक सोंगटी मारा’ एवढंच यावं.

बटणावर काम सांगणारे शब्द लिहा. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं विचारून खाली ‘होय’, ‘नाही’ देण्यापेक्षा ‘डाव सोडायचा?’ असं विचारा आणि ‘सोडा’, ‘खेळत राहा’ अशी दोन बटणं द्या.

नावांच्या बाबतीत मराठीत एक सापळा आहे. प्रोग्राममध्ये नाव आणि ‘ची पाळी’ जोडून टाकलं, की ‘आजीची पाळी’ बरोबर येतं, पण ‘बाबाची पाळी’, ‘काकाची पाळी’ असं उद्धट वाचायला मिळतं. जिंकल्यावर तर आजी जिंकली, दादा जिंकला, बाबा जिंकले, असे तीन प्रकार होतात. प्रत्ययच टाळा: ‘पाळी: बाबा’, ‘विजयी: आजी’. मेनूच्या आराखड्यातच तशी जागा ठेवा, आणि लांब नाव आलं तर काय होईल ते ‘ज्ञानेश्वरकाका’ लिहून पाहा.

एकाच फोनवर चौघं खेळत असतील तर दर पाळीला पट फिरवू नका. आपल्या सोंगट्या कुठे होत्या ते शोधण्यात सगळ्यांचा वेळ जातो. पट स्थिर ठेवा, ज्याची पाळी त्याचं मूळ घर आणि नावाची पट्टी उजळा. टॅबलेट जमिनीवर ठेवून खेळणाऱ्यांसाठी फक्त कवड्यांची जागा त्या-त्या खेळाडूच्या बाजूला सरकवता आली तर फारच छान.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी डिझाइनमधली मापं जशीच्या तशी उचलली की देवनागरी गुदमरते. वर वेलांट्या आणि अनुस्वार, खाली उकार, यांना जागा हवी. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा, आणि बटणाच्या आत वर-खाली पुरेशी मोकळीक ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. इंग्रजीत मथळ्यासाठी मोठी लिपी असते, ती सोय इथे नाही. तो फरक जाडीतून आणि आकारातून दाखवा.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo), तसंच नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. बटणांसाठी ‘मुक्त’, खेळाच्या नावासाठी ‘बलू’ ही जोडी लहान मुलांच्या खेळालाही शोभते. परवान्याची फाइल प्रकल्पात जपून ठेवा.

गेम इंजिन, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर खेळ उभा करायचा ते, निवडण्याआधी त्यात ‘दुसऱ्याची पाळी’, ‘खेळाडूंच्या सोंगट्या’, ‘निर्णय’ हे तीन तुकडे लिहून पाहा. ‘ऱ्या’ नीट आला, ‘नि’ची वेलांटी आधी लागली आणि ‘र्ण’वर रफार बसला, तर पुढे जा. गोडॉट या इंजिनात चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, हे व्यवस्थित होतं. युनिटी या इंजिनात मजकुरासाठी टेक्स्टमेशप्रो हे साधन वापरणार असाल तर देवनागरीची जोडाक्षरं आपोआप जुळत नाहीत, त्याची वेगळी तजवीज करावी लागते. मथळे चित्र म्हणून टाकायचा मोह होतो, पण मजकूर बदलला की चित्रंही बदलत बसावी लागतात.

फाइली आणि चाचणी

मूळ चित्रं एसव्हीजीत (कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या प्रकारात) ठेवा आणि खेळात टाकायच्या पीएनजी फाइली एकपट, दुप्पट, तिप्पट अशा तीन आकारांत काढा. फाइलींना काम सांगणारी नावं द्या. ‘नवीन-शेवटचं-२’ असलं नाव महिन्याभरात कुणालाच कळत नाही. गोल कोपऱ्यांची बटणं नऊ भागांत कापून वापरा, म्हणजे कितीही ताणली तरी कोपरे फाटत नाहीत. प्ले स्टोअरसाठी ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चिन्ह आणि १०२४ बाय ५०० पिक्सेलचं चित्र लागेल. चिन्हासाठी एकच उताणी कवडी गेरूवर ठेवा. पूर्ण पट त्या आकारात दिसत नाही.

चाचणीला दोन माणसं बसवा. एक, जिने लहानपणी फरशीवर हा खेळ खेळला आहे. दुसरं, ज्याने कधीच नाही. फोन हातात द्या आणि काही सांगू नका. मधेच विचारा: पाळी कुणाची, दान किती, कुठली सोंगटी हलेल? जिथे उत्तराला वेळ लागतो तिथलं चित्र बदला. पहिली व्यक्ती ‘आमच्यात असं नसतं’ म्हणाली तर तो नियम ‘घरचे नियम’ पानावर लिहून घ्या. दुसरी व्यक्ती सोंगटी हलवण्याआधी बोट हवेत धरून थांबली, तर तिला मार्ग दिसलेला नाही. ठिपके आणखी उजळ करा आणि पुन्हा खेळायला द्या.